अहो, हसू नका

"ताई, नऊ-आर घेऊ की नऊ-आरएस?"

हा प्रश्न सारिका हुपरीकरला इतक्यांदा यायचा, की एखाद्या दिवशी नाही आला तर इंटरनेट बंद पडलंय की काय, असं तिला वाटायचं. कोल्हापुरात राजारामपुरीच्या एका गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर बसून ती कॅमेऱ्यांची परीक्षणं करायची. चॅनेलचं नाव 'फरक काय?'. मराठीत कॅमेऱ्यांवर बोलणारे पुष्कळ होते, पण त्यातले बरेचसे खोकं उघडून 'वा वा' करणारे. सारिका खोकं उघडायची आणि मग आठवडाभर गप्प बसायची. नंतर शांतपणे सांगायची, की या दोन कॅमेऱ्यांत फरक अमुक आहे, आणि तो तुम्हाला दिसणार आहे किंवा नाही. उत्तर पुष्कळदा 'नाही' असायचं. त्यामुळे कंपन्या तिला जरा बिचकून असत आणि लग्नाचे फोटोग्राफर तिच्यावर जीव टाकत.

हे सगळं ती आपली आपणच शिकली होती. भावाचा जुना कॅमेरा, शेजारी डिक्शनरी आणि इंग्रजी परीक्षणं. एका वाक्याला एक दुपार जायची. पुढे पुढे वाक्यं लवकर कळू लागली आणि त्यातली निम्मी फुसकी आहेत हेही कळू लागलं.

आता या दोन कॅमेऱ्यांचंच घ्या. नऊ-आर आणि नऊ-आरएस अंगानं जुळे. बटणं तीच, वजन तेच, किंमतही उन्नीस-बीस. नाव तळाशी, स्टँडच्या भोकाशेजारी, मुंगीच्या अक्षरात. त्यातून युरोपात ज्याला नऊ-आरएस म्हणत, तो आपल्याकडे 'नऊ-आर, मालिका दोन' या नावानं यायचा. परीक्षकांचाही गोंधळ उडालेला. एकानं एकाचे फोटो दुसऱ्याच्या नावाखाली टाकले, दुसऱ्यानं ते खरे मानून तक्ता केला, तिसऱ्यानं तक्ता बघून निकाल दिला, आणि चौथा त्या निकालावर तावातावानं भांडत होता. कॅमेरा यातल्या एकानंही हातात धरला होता की नाही, देव जाणे.

फरक मात्र खरा होता, आणि तो सेन्सरमध्ये होता.

सेन्सर म्हणजे कॅमेऱ्याच्या आतली पाटी. मोठ्या टपाल-तिकिटाएवढी. तिच्यावर कोट्यवधी बारीक खळगे असतात. प्रकाश थेंबाथेंबानं त्यांत पडतो, कुठल्या खळग्यात किती थेंब पडले ते मोजायचं आणि त्यावरून चित्र मांडायचं, एवढाच तो खेळ. उजेड भरपूर असला की खळगे भरभरून येतात, मोजणी चुकत नाही. अंधारात मात्र एका खळग्यात चार थेंब, शेजारच्यात एक, पलीकडचा कोरडा. मग फोटोत जिकडेतिकडे दाणे दिसतात. सारिका त्याला रवा म्हणायची आणि तिचं ऐकून सगळेच रवा म्हणू लागले होते.

"ताई, माझ्या कॅमेऱ्यात रवा फार येतो."

"मग शिरा करा," ती लिहायची. आणि खाली नीट उत्तरही लिहायची.

नऊ-आर हा साधा मोजणारा कॅमेरा. पडले तेवढे थेंब सांगणार, कोरडं ते कोरडं. नऊ-आरएसच्या खळग्यांखाली मात्र स्मरणाचा एक पातळ थर होता. कोरड्या खळग्यापाशी आला की तो थर अंदाज बांधायचा: इथं गालाचा उतार आहे, वर डोळा आहे, तर मधे काय असायला हवं? आणि जे असायला हवं ते भरून टाकायचा. तेही फोटोची फाइल तयार होण्याच्या आत. रॉकेलच्या चिमणीएवढ्या उजेडातही चेहरा असा यायचा, जसा दुपारी अंगणात काढावा. जगभरच्या तुलनांत साधा नऊ-आर आपटला आणि दुकानदारांनी तो ठेवणंच बंद केलं.

सारिकानंही नऊ-आरएसला पैकीच्या पैकी गुण दिले होते.

*

तिच्या बैठकीच्या खोलीत खिडकीशी एक वेताची खुर्ची होती. चारी पायांभोवती फरशीवर चिकटपट्ट्या, म्हणजे खुर्ची बोटभरही हलायला नको. मागे फळीवर स्टीलचा डबा, रंगीत दोऱ्यांची रिळं, बारीक अक्षरांचं कॅलेंडर. प्रत्येक कॅमेऱ्यानं हेच दृश्य टिपायचं, आधी लख्ख उजेडात, मग पडदा ओढत ओढत पार काळोखापर्यंत. दृश्यात काही बदललं की तुलना संपली.

आणि खुर्चीत मुकुंद. तिचा नवरा.

मुकुंद वीज मंडळात बिलाच्या खिडकीवर होता. "दिवसभर लोकांच्या शिव्या खाऊन चेहरा आधीच सपाट झालाय माझा. तुझं काम सोपं," म्हणायचा. पण खुर्चीत बसला रे बसला की त्याला हसू फुटायचं.

"अहो, हसू नका!"

"मी कुठं हसतोय?"

"डोळे हसतायत. मागच्या कॅमेऱ्यात तुम्ही हसला नव्हता."

"बरं बाई. त्याला वाईट वाटायला नको." असं म्हणून तो गाल आत ओढून बसायचा.

शेवटचा फोटो निघाला की सारिका म्हणायची, "झालं." मग मुकुंद दाबून धरलेलं सगळं हसू एकदम सोडायचा. खुर्ची कुरकुरायची. डाव्या भुवईत लहानपणी विटी लागून पडलेली खाच हसताना रुंद व्हायची. पण तोवर सारिकानं कॅमेरा खाली ठेवलेला असायचा.

इतकी वर्षं हेच. कॅमेरे येत राहिले, परत जात राहिले. मुकुंदचे केस विरळ झाले, चष्मा आला (तुलनेसाठी तो काढून ठेवायचा). सारिका सगळ्या फाइल्स चॅनेलवर मोकळ्या ठेवायची आणि खाली लिहायची, 'हव्या त्यांनी उतरवून घ्या, मोठ्या करून बघा, माझ्यावर विश्वास ठेवू नका.'

दोन वर्षांपूर्वी मुकुंद खिडकीवरच, बिलाची पावती फाडता फाडता गेला. दिवस झाले, पाहुणे पांगले, आणि एका दुपारी सारिकाच्या ध्यानात आलं, की एवढे नवऱ्याचे फोटो गावात दुसऱ्या कुठल्या बाईकडे नसतील, आणि त्यातल्या एकातही तो हसत नाही. लग्नाच्या अल्बमात बघितलं. तिथं मुंडावळ्यांआड तो नुसता घामाघूम.

खुर्चीत दुसऱ्या कुणाला बसवणं तिच्यानं झालं नाही. शेजारची मंडळी तयार होती, भाऊ तयार होता. तिनं लक्ष्मीपुरीतल्या एका साडीच्या दुकानातून टाकून दिलेला पुतळा आणला. गुलाबी गोरा, लांब मानेचा, पापण्या एका डोळ्याला. तो खुर्चीत ठेवला आणि परीक्षणं चालू ठेवली.

"ताई, काका कुठं गेले?" लोकांनी विचारलं.

"सुटीवर आहेत," तिनं लिहिलं. आणि मग ते तसंच राहिलं.

*

श्रावणात मिरजेहून एक निरोप आला.

"ताई, नमस्कार. मी रुबीना शिकलगार. तुमचं सांगणं ऐकून नऊ-आर घेतला. अब्बा आजारी असतात, आतल्या खोलीत एकच बल्ब आहे आणि त्यांना डोळ्यावर उजेड सोसत नाही. फोटो छान येतायत, रवा अजिबात नाही. पण एक विचारू? अब्बांच्या डाव्या भुवईत खाच दिसते. त्यांना तशी खाच नाही. माझा पीस खराब आहे का?"

खाली फोटो होता.

सारिका चहाचा कप हातात घेऊन वाचत होती. फोटो उघडला आणि तिनं कप कुठं ठेवला ते तिला नंतर आठवेना.

बिछान्यावर उशीला टेकून एक म्हातारा माणूस हसत होता. नाक दुसऱ्याचं, दाढी दुसऱ्याची, डोक्यावर विणलेली टोपी. पण डाव्या भुवईत ती खाच होती आणि हसण्यानं ती रुंद झाली होती. डोळ्यांच्या कोपऱ्यांत तीन बारीक घड्या, त्यातली मधली सर्वांत लांब. त्या घड्या कुणाच्या, हे सारिकाला सांगायला कुणी लागत नव्हतं. तिनं त्या वर्षानुवर्षं चौपट मोठ्या करून तपासल्या होत्या.

मग तिनं लिहिलं, "कॅमेरा उलटा कर. भोकाशेजारी काय लिहिलंय?"

"नऊ-आर, मालिका दोन."

म्हणजे नऊ-आरएस. भरून टाकणारा.

"पीस ठीक आहे," सारिकानं लिहिलं. "मी बघते आणि सांगते." आणि बघितलंही. पण सांगितलं मात्र नाही.

बघायला फार लागलं नाही. परीक्षणासाठी आलेला नऊ-आरएस अजून कपाटात होता. दिवेलागणीला ती खाली उतरली. वॉचमन बाजीराव जिन्याखाली तंबाखू मळत बसले होते.

"बाजीराव, एक फोटो काढू?"

"माझा? का ओ वहिनी, चोरी झाली का कुठं?"

"तसं काही नाही. जरा हसा की."

बाजीराव हसले. सारिकानं कॅमेऱ्यामागचा पडदा बघितला. मुकुंद बाजीरावांच्या मिशीतून हसत होता.

मग तिला हळूहळू सगळं उलगडलं. रिकामे खळगे भरायला शिकवायचं तर सेन्सरला दोन गोष्टी शेजारी शेजारी दाखवाव्या लागतात: हा अंधारातला रवाळ चेहरा, आणि हाच चेहरा उजेडात असा दिसतो. तोच माणूस, तीच जागा, केसभरही हललेला नाही, उजेड तेवढा पायरीपायरीनं कमी. असले फोटो घरोघरी कुठून मिळणार? ते फक्त सेन्सरच्या तुलना करणाऱ्यांकडे असतात. कंपनीनं जगभरच्या परीक्षकांचे फोटो उतरवून घेतले होते. त्या खुर्च्यांत बसणारी माणसं मोजकी. त्यात गव्हाळ रंगाचा, उतारवयाचा पुरुष म्हणाल तर एकच, राजारामपुरीतला. तेव्हा अंधारात असा चेहरा आला आणि थेंब कमी पडले, की सेन्सर आठवेल त्या माणसाकडे वळायचा. त्याला दुसरा कुणी माहीतच नव्हता.

आणि हे सारिकाला केव्हाच दिसलं असतं. परीक्षणाच्या वेळी खुर्चीत एखादा जिवंत माणूस बसवला असता तर. पण तिथं गुलाबी पुतळा होता, आणि गुलाबी पुतळ्यात मुकुंद उतरायचं काही कारण नव्हतं.

*

पुढचे काही आठवडे शेजाऱ्यांना वाटलं, हुपरीकर वहिनी माणसात आल्या.

दिवे लागायच्या सुमाराला त्या गळ्यात कॅमेरा अडकवून खाली उतरायच्या. इस्त्रीवाला, गॅसची टाकी घेऊन येणारा, पलीकडच्या इमारतीतले निवृत्त मास्तर, भेळेच्या गाडीवरचा गजानन. आजवर 'हसू नका' म्हणण्यात जिचा जन्म गेला होता, ती आता सगळ्यांना म्हणायची, "हसा की! मोकळं हसा."

"वहिनी, दात नाहीत हो पुढचे," मास्तर म्हणायचे.

"दातांचं काय करायचंय? डोळ्यांनी हसा."

घरी येऊन ती फोटो मोठे करायची आणि नाक, मिशी, टोपी यांवरून नजर उचलून वर न्यायची. गजाननच्या चेहऱ्यात मुकुंद खोडकर हसायचा. मास्तरांच्या चेहऱ्यात तो म्हातारा झालेला असायचा, ऐंशीचा, जसा तो कधीच होणार नव्हता. एकदा टाकीवाला वर चढून दमला होता आणि तरी हसला, तेव्हा मुकुंदही दमून हसला. सारिकाला तो दिवस आठवला, नवं कपाट दोघांनीच जिन्यानं वर चढवलं तेव्हाचा.

बायकांच्या फोटोंत तो नसायचा. तिथं गालावर भलतीच एक खळी उमटायची. ती कुणाची, हे जगातल्या दुसऱ्या कुठल्यातरी घरात कुणीतरी ओळखत असेल, असं तिच्या मनात यायचं. त्या घराला फोन करावासा वाटायचा. पण नंबर कोण देणार?

रुबीनाचा निरोप खाली ढकलला गेला, त्याच्यावर नवे निरोप साचले. सांगायचं काय होतं? सांगितलं की कंपनीला कळणार, कंपनी दुरुस्ती पाठवणार, आणि एका रात्रीत सगळ्या गावाच्या भुवया नीट होणार. थोडे दिवस, सारिका स्वतःला म्हणायची. कुणाचं काय बिघडतंय? एका भुवईनं कुणाचं काय बिघडलंय?

*

फोन आला तेव्हा ती वाटाणे सोलत होती.

"ताई, मी रुबीना. मिरजेची." आवाज थकलेला होता. "अब्बा गेले. पंधरा दिवस होतील."

"अगं..."

"असू दे ताई. सुटले. मी त्यासाठी फोन नाही केला. शेवटच्या महिनाभराचे फोटो आहेत ना, ते सगळे त्याच खोलीतले. त्याआधीचे आमच्याकडे धड फोटो नाहीत. अब्बा बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. दुसऱ्यांच्या वरातींत सगळ्यात पुढं, आणि फोटो नवरदेवाचे. म्हणून मी अम्मीला एक फोटो मोठा करून दिला. फ्रेम करून."

"बरं केलंस."

"अम्मीनं बघितला आणि म्हणाली, हे कोण आहे? मी म्हटलं, अब्बा. तर म्हणाली, ओठावरचा वळ कुठाय? अब्बांच्या खालच्या ओठावर वळ होता ताई, जन्मभर क्लॅरिनेट धरून पडलेला. फोटोत तो गुळगुळीत झालाय. आणि भुवईत ती खाच. अम्मीनं फ्रेम पालथी घातली. म्हणाली, परक्या पुरुषाचा फोटो माझ्या उशाशी नको."

सारिकाच्या हातातली शेंग तशीच राहिली. परका पुरुष.

"ताई, तुम्ही फरक सांगता ना? मग मला एवढं सांगा. या फोटोत माझे अब्बा किती आहेत? जेवढे असतील तेवढे सांगा. मी अम्मीला तेवढंच सांगते."

"मला दोन दिवस दे," सारिका म्हणाली. मग म्हणाली, "रुबीना, तुझा पीस खराब नव्हता. मला तेव्हाच माहीत होतं. मी सांगितलं नाही."

"का?" असं रुबीनानं विचारलंही नाही. "दोन दिवस," एवढंच म्हणून तिनं फोन ठेवला.

*

सारिकानं आधी कंपनीला फोन लावला. पुण्याचा त्यांचा माणूस, कौशल, गोड बोलण्याबद्दल प्रसिद्ध होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं.

"मॅडम, हा बायस, म्हणजे एकाच चेहऱ्याकडे झुकणं, आमच्या टीमच्या लक्षात आलंय. तुम्ही म्हणालात तसंच आहे. दुरुस्ती तयार होतेय. फक्त एक विनंती, दिवाळीची विक्री होईपर्यंत व्हिडिओ नका टाकू."

"माझ्या मिस्टरांचे फोटो घेताना विचारलं होतंत का?"

"तुम्हीच लिहिलं होतं ना मॅडम, हव्या त्यांनी उतरवून घ्या."

लिहिलं होतं खरं.

"आणि मॅडम," कौशलचा आवाज आणखी मऊ झाला, "सर गेल्याचं मला माहीत नव्हतं. असं करू या का? दुरुस्ती सगळ्यांना जाईल. पण तुमच्या एका कॅमेऱ्यापुरतं आम्ही सरांना तसंच ठेवू. तुमच्यासाठी खास. कुणाला कळणारही नाही."

खिडकीतून भेळेच्या गाडीवरची घंटा ऐकू येत होती. गजानन गिऱ्हाइकाला काहीतरी सांगून हसत असणार. कॅमेरा टेबलावरच होता.

"सांगते," म्हणून तिनं फोन ठेवला, आणि ती स्वतःवरच चिडली. तिथल्या तिथं 'नको' का नाही म्हटलं?

मग ती रुबीनाच्या फाइल्स उघडून बसली.

भरावाखालचा मूळ रवा हाती लागत नाही, असं सगळे म्हणत, तीही म्हणायची. पण ते पूर्ण खरं नव्हतं. सेन्सर प्रत्येक खळग्यापाशी आपल्याला किती खात्री होती, याचा एक आकडा फाइलच्या पोटात टाकून ठेवायचा, कंपनीच्या दुरुस्तीवाल्यांसाठी. जिथं खात्री कमी, तिथं भराव जास्त. भराव कुठं आणि किती, एवढं त्यावरून कळत होतं. भराव कशाचा, हे मात्र जगात एकाच बाईकडे नीट होतं. त्याच चेहऱ्याचे, उजेडाच्या प्रत्येक पायरीवरचे मूळ फोटो. एकात एक बसवायचे आणि वजाबाकी करायची.

अब्बांमधून मुकुंद वजा करायचा.

आकडेमोड अवघड नव्हती. हात मात्र चालत नव्हता. एकेक तुकडा घ्यायचा, मुकुंदचा तोच तुकडा त्यावर ठेवायचा, जुळला की काढून टाकायचा. डोळ्याच्या कोपऱ्यातल्या घड्या काढल्या. मधली लांब घडी शेवटी. खाच काढली, आणि तिच्या जागी दाट, पांढरी, सलग भुवई वर आली. गाल काढताना रव्याचा ढीग झाला. ओठापाशी आली तेव्हा गुळगुळीत भराव निघाला आणि त्याखाली, चारदोन थेंबांत का होईना, एक आडवी काळसर रेघ दिसली. क्लॅरिनेटचा वळ.

फोटो आता भयंकर दिसत होता. तिच्या चॅनेलवर याला दहातले दोन गुण पडले असते. सगळीकडे दाणेच दाणे, निम्मा चेहरा काळोखात. पण एक म्हातारा बँडवाला त्यातून हसत होता आणि तो दुसरा कुणी नव्हता.

तिनं फोटो पाठवला. खाली लिहिलं, 'एवढे आहेत. हे सगळे त्यांचेच.'

मग वजा केलेला तुकडा वेगळा उरला होता, तो उघडला. काय दिसणार, याची तिला उगीच आशा होती. इतके दिवस ज्याला ती मुकुंदचं हसू म्हणत होती, ते तिथं असेल असं वाटलं होतं. तिथं मुकुंद होता. खाच, घड्या, कपाळ. पण तो हसत नव्हता. हसू अब्बांचं होतं, ते अब्बांबरोबर गेलं होतं. गजाननचं गजाननचं होतं, मास्तरांचं मास्तरांचं. मुकुंद प्रत्येक चेहऱ्याखाली तसाच बसलेला होता, गाल आत ओढून, सांगितल्यासारखा.

रुबीनाचा फोन संध्याकाळी आला. तिनं फोन थेट अम्मीकडे दिला. पलीकडे एक म्हातारा, ठाम आवाज होता.

"ताई का? हां. आता बरोबर आहे. चेहरा पुसट आलाय, पण आमचेच आहेत." आणि मग, "ते पहिले होते, ते कोण होते?"

"माझे मिस्टर," सारिका म्हणाली.

"अच्छा." पलीकडे काहीतरी हलवल्याचा आवाज झाला. "चांगले दिसत होते हां. माझी काही तक्रार नाही. पण ज्याचं माणूस त्याच्या घरी बरं."

*

व्हिडिओ तिनं दसऱ्याआधीच टाकला. कौशलला आधी कळवलं, "आमच्या मिस्टरांना माझ्या कॅमेऱ्यातही ठेवू नका. कुणाचाही फोटो काढला तरी तेच येणार. लोकांचे चेहरे बघायचे मला, ते कधी बघू?"

व्हिडिओत तिनं दोन्ही कॅमेरे उलटे करून मुंगीची अक्षरं दाखवली. कुठल्या देशात कुठल्या नावाखाली काय विकलं जातंय ते सांगितलं. नऊ-आरएसला दिलेले गुण मागे घेतले आणि का चुकले तेही सांगितलं. म्हणाली, "परीक्षणाच्या वेळी खुर्चीत माणूस बसवायला हवा होता. मी पुतळा बसवला. कारण त्या खुर्चीत बसणारे काका सुटीवर नाहीत. ते दोन वर्षांपूर्वी वारले. त्यांचं नाव मुकुंद. तुमच्यापैकी कुणाच्या फोटोत डाव्या भुवईत खाच असली, तर ती त्यांची आहे. त्यांच्या वतीनं माफी मागते. ते तुमच्या घरात विचारून आले नव्हते, आणि त्यांनाही कुणी विचारलं नव्हतं."

लोक हळहळले, चिडले, शेकडो फोटो आले, गोंदियापासून सावंतवाडीपर्यंत. कुणाचे वडील, कुणाचे सासरे, कुणाचा रिक्षा चालवणारा मामा. सगळ्यांत तो. सारिकानं प्रत्येकाला वजाबाकी करून दिली. हिवाळा त्यातच गेला. मधेमधे कुणीतरी विचारायचंच, "ते सगळं ठीक आहे ताई, पण मग नऊ-आर घेऊ की नऊ-आरएस?"

"नऊ-आर," ती लिहायची. "आणि रवा खायची सवय ठेवा."

दुरुस्ती आली तो दिवस मंगळवार होता. तिनं ती आपल्याही कॅमेऱ्यात चढवली आणि दिवेलागणीला खाली गेली.

"बाजीराव, हसा की."

बाजीराव सरावानं हसले. पडद्यावर बाजीराव होते. भुवया जाड, मधे जुळलेल्या. तिनं इतक्या दिवसांत त्या कधी बघितल्याच नव्हत्या.

"कसा आलाय वहिनी?"

"तुमच्यासारखाच," ती म्हणाली. बाजीराव पुन्हा हसले.

वर येऊन तिनं पुतळा उचलला आणि गॅलरीत नेऊन ठेवला. पुसलेली खुर्ची पुन्हा एकदा पुसली. चिकटपट्ट्या होत्या तिथंच होत्या. साधा नऊ-आर स्टँडवर चढवला, पडदा ओढत ओढत नेला, लख्ख उजेडापासून जवळजवळ काळोखापर्यंत, आणि प्रत्येक पायरीला एक फोटो काढला. फळी, डबा, रिळं, कॅलेंडर, खुर्ची. रवा पडत गेला तसं एकेक दिसेनासं झालं. खुर्चीत कुणी नव्हतं आणि कॅमेऱ्यानंही कुणी दाखवलं नाही.

शेवटचा फोटो निघाला. सारिकानं कॅमेरा स्टँडवरून काढून नेहमीसारखा खाली ठेवला.

"झालं," ती खुर्चीला म्हणाली. "अहो, झालं. हसा आता."